एचडीआर सिनेमा टीव्हीवर काळोखी दिसतोय? मेकॅनिकला फोन करायच्या आधी हे करून बघा

गणपतीच्या आधी मुंबईहून आलेले चाकरमानी गावच्या घरात मोठा फोरके टीव्ही लावून देतात, विसर्जन करून परत जातात आणि मग मागे राहिलेल्या आईबाबांची तक्रार सुरू होते. बातम्या मस्त दिसतात, मालिका मस्त दिसते, पण ओटीटीवर नवीन सिनेमा लावला की "रातचो सीन इलो की कायएक दिसना नाय". मग तालुक्याहून कोणीतरी मेकॅनिक येतो, पॅनल गेलाय म्हणतो आणि असा आकडा सांगतो की ऐकणारा गप्पच होतो. म्हणून कळकळीने सांगतोय, पैसे द्यायच्या आधी एक साधी गोष्ट तपासा. केबलचं किंवा डिशचं एखादं चॅनल लावा. तिथे चित्र नीट उजळ असेल आणि फक्त ठराविक सिनेमे-वेबसिरीजच काळोख्या दिसत असतील तर पॅनलला काही झालेलं नाही, हा एचडीआरच्या, म्हणजे उजेड-सावलीतला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राच्या, सेटिंगचा मामला आहे आणि तो घरबसल्या सुटतो. चॅनलवरही एखादा कोपरा काळा पडलाय, मेनूसुद्धा मंद दिसतोय, असं असेल तर मात्र बॅकलाइटच्या, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्यांच्या, पट्ट्या गेल्या असतील, तिथे दुरुस्तीला पर्याय नाही.

आणि व्होल्टेजला दोष देऊ नका. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे खरंय, पंखा हळू होतो, पण आजकालच्या टीव्हीच्या मागे लेबल बघा, बहुतेकांवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. तेवढ्यात तो चालतो आणि चित्र तेवढंच उजळ ठेवतो.

आता हे होतं का ते थोडक्यात, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. साध्या चित्रात, म्हणजे एसडीआरमध्ये, सिग्नल फक्त एवढंच सांगतो की हे पांढरं, हे अर्धं पांढरं, हे काळं. पांढरं किती उजळ दाखवायचं ते तुमचा टीव्ही ठरवतो. सिनेमा तयार करणारे एसडीआरचं काम १०० निट्स (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) उजेड धरून अंधाऱ्या खोलीत करतात, पण आपण घरी बॅकलाइट फुल करून तेच चित्र त्याच्या दुप्पट-तिप्पट उजेडात बघतो आणि डोळ्याला त्याचीच सवय झालेली असते. एचडीआरचं तसं नाही. एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन हे एचडीआरचे प्रकार ज्या पीक्यू पद्धतीवर चालतात तिच्यात सिग्नल थेट सांगतो की हा चेहरा इतके निट्स, ही भिंत इतके निट्स, हा सूर्य हजार निट्स. हे मोजमाप १०,००० निट्सपर्यंत जातं आणि सिनेमे बहुतेक करून १००० किंवा ४००० निट्सच्या मॉनिटरवर तयार होतात. स्वस्तातला फोरके टीव्ही जेमतेम ३०० निट्सच्या आसपास देतो. मग तो सूर्य, दिवे, आग वगैरे तेवढ्यात बसवण्यासाठी पूर्ण चित्र खाली दाबतो, याला टोन मॅपिंग म्हणतात. चेहरे आणि सावल्या आधीच कमी उजेडाच्या होत्या, त्या आणखी खाली जातात. हजार निट्सचा समुद्र तीनशेच्या कळशीत भरायचा म्हटल्यावर कुठेतरी सांडणारच. त्यात आपण बघतो ओटीवर, पुढचं दार उघडं, बाहेर अंगणात ऊन, भिंतीला पांढरा चुना. अंधाऱ्या खोलीसाठी केलेलं चित्र तिथे दिसणार कसं?

म्हणूनच शेजाऱ्याच्या टीव्हीवर तोच सिनेमा उजळ दिसतो आणि तुमच्याकडे नाही असं होतं. नेटफ्लिक्सवर फोरके आणि एचडीआर फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये येतं, त्याच्याकडे खालचा प्लॅन असेल तर त्याला एसडीआर मिळतंय, बाकी काही जादू नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि नेमकी हीच कोणी सांगत नाही. टीव्ही एसडीआर, एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन यांची पिक्चर सेटिंग वेगवेगळी साठवतो. म्हणजे तुम्ही होम स्क्रीनवर किंवा बातम्या चालू असताना सेटिंगमध्ये जाऊन कितीही खटपट केली तरी ती एसडीआरची बदलते, सिनेमा लावला की परत येरे माझ्या मागल्या. म्हणून आधी तो काळोखी दिसणारा सिनेमाच लावा, काळोखाच्या सीनवर या, कोपऱ्यात एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजनचा शिक्का येऊन गेला का ते बघा, आणि सिनेमा चालू ठेवूनच रिमोटवरून पिक्चर सेटिंग उघडा. यापुढचं सगळं त्याच स्थितीत करायचंय.

पहिलं काम वीज वाचवणारं सेटिंग बंद करणं. माझ्या मते अर्ध्याहून जास्त घरांतला प्रश्न इथेच संपतो. एलजीमध्ये त्याला एनर्जी सेव्हिंग म्हणतात, सॅमसंगमध्ये ब्राइटनेस ऑप्टिमायझेशन, सोनीमध्ये लाइट सेन्सर, बाकीच्यांमध्ये इको किंवा पॉवर सेव्हिंग असं काहीतरी असतं. हे बहुतेक वेळा पिक्चरच्या मेनूत नसून जनरल किंवा सिस्टीमच्या मेनूत लपलेलं असतं, तिथे जाऊन शोधा. यात एक बारीक सेन्सर असतो जो खोलीतला उजेड मोजतो आणि खोली अंधारली की टीव्हीही मंद करतो. हा सेन्सर बहुतेक टीव्हींना खालच्या पट्टीवर, रिमोट पकडणाऱ्या काळ्या ठिपक्याच्या जवळ असतो. आणि आपल्या घरात नेमकं तिथेच काय असतं? शोकेसमधली प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी, देवाचा फोटो, नाहीतर टीव्हीवर घातलेल्या क्रोशाच्या कव्हरची लोंबणारी झालर. सेन्सरला वाटतं रात्र झाली. झालर वर खोचा, कुंडी बाजूला करा, लगेच फरक दिसतो. समुद्राजवळच्या घरात अजून एक होतं, खाऱ्या दमट हवेचा चिकट थर स्क्रीनवर आणि त्या ठिपक्यावर बसतो. तो मऊ कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळून पुसायचा, टीव्ही बंद करून. काचेचा स्प्रे वापरू नका, स्क्रीनवरचं कोटिंग जातं.

दुसरं म्हणजे पिक्चर मोड. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड रंगाला सगळ्यात खरा असतो, पण तो अंधाऱ्या खोलीसाठी आहे. दिवसा ओटीवर बघायचं असेल तर स्टँडर्ड लावा. डॉल्बी व्हिजन चालू असेल तर बऱ्याच टीव्हींवर ब्राइट आणि डार्क असे दोन मोड येतात, एलजीवर सिनेमा होम आणि सिनेमा अशी नावं असतात. दिवसा ब्राइट किंवा सिनेमा होम, रात्री दिवे मालवून बसलात तर डार्क किंवा सिनेमा. व्हिव्हिड मोड मी कोणाला सुचवत नाही, उजेड येतो पण माणसं शेंदूर फासल्यासारखी दिसतात.

तिसरं, स्लायडर. इथे फार लोक फसतात. बहुतेक टीव्हींमध्ये 'ब्राइटनेस' नावाचा स्लायडर उजेड वाढवत नाही, तो काळ्या रंगाची पातळी वर-खाली करतो, तो ओढला की काळा रंग राखाडी होतो आणि सगळं चित्र धुरकट दिसतं. उजेड वाढवणारं सेटिंग म्हणजे बॅकलाइट किंवा पॅनल ब्राइटनेस, ते कमाल करा. सोनी आणि नवीन सॅमसंगमध्ये मात्र ब्राइटनेस म्हणजे खरंच बॅकलाइट आणि काळ्याच्या पातळीला ब्लॅक लेव्हल किंवा शॅडो डिटेल म्हणतात. ओळखायची खूण सोपी: स्लायडर वाढवल्यावर सिनेमाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या राखाडी झाल्या आणि बाकी उजेड आला नाही तर तो चुकीचा स्लायडर, परत मूळ जागी न्या.

यानंतरही चेहरे काळोखी असतील तर टोन मॅपिंगला हात घाला. एलजीवर डायनॅमिक टोन मॅपिंग चालू करा, हे एचडीआर१० च्या वेळी दिसतं, डॉल्बी व्हिजनमध्ये नाही. सोनीवर एचडीआर टोन मॅपिंगमध्ये ब्राइटनेस प्रेफर्ड निवडा. सॅमसंगच्या तज्ज्ञ सेटिंगमध्ये एसटी २०८४ नावाचा स्लायडर असतो, तो एक-दोन घर वर नेला की मधला उजेड मस्त उठतो आणि काळा काळाच राहतो, शिवाय कॉन्ट्रास्ट एन्हान्सर लो किंवा हाय करून बघा. लोकल डिमिंग, म्हणजे चित्राच्या काळ्या भागामागचा बॅकलाइट तेवढ्यापुरता मंद करणारं सेटिंग, असेल तर ते बदलून बघा, काही टीव्हींवर ते अंधाऱ्या सीनमध्ये चेहऱ्यासकट सगळं विझवतं.

स्टिक किंवा सेटटॉप बॉक्स लावलेला असेल तर अजून दोन ठिकाणं. एक, एचडीएमआयचं ब्लॅक लेव्हल किंवा व्हिडिओ रेंज ऑटोवर ठेवा, टीव्ही आणि बॉक्सची ही काळ्या-पांढऱ्याची रेंज जुळली नाही की सावल्यांचा नुसता डांबराचा गोळा होतो. दोन, फायर टीव्ही स्टिकमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये डायनॅमिक रेंज असते, ती 'ऑलवेज एचडीआर' वर असेल तर साधी मालिकासुद्धा जबरदस्तीने एचडीआरमध्ये जाते आणि तीही मलूल दिसते, ती अडॅप्टिव्ह करा. ॲपल टीव्हीवर फॉरमॅट फोरके एसडीआर ठेवून मॅच डायनॅमिक रेंज चालू करा. दुकानदार महागडी एचडीएमआय केबल गळ्यात मारेल, घेऊ नका. खराब केबलने चित्र जातं-येतं, ठिपके चमकतात, पण काळोख येत नाही. नेटचंही तसंच, पावसात नेटची रेंज गेली की काळोखातल्या सीनमध्ये चौकोन-चौकोन दिसायला लागतात, नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएस सांगतं, पण नेट हळू झालं म्हणून चित्र मंद होत नाही.

एवढं सगळं करून नाहीच जमलं तर सरळ एचडीआर बंद करा, आणि त्यात काही कमीपणा मानू नका. ३०० निट्सच्या टीव्हीवर भर दुपारी चांगलं एसडीआर हे वाईट एचडीआरपेक्षा शंभर पटीने बरं. स्टिक ज्या एचडीएमआय पोर्टला लावलीय त्या पोर्टचं सेटिंग उघडा: सोनीवर सिग्नल फॉरमॅट स्टँडर्ड करा, एलजीवर डीप कलर बंद, सॅमसंगवर इनपुट सिग्नल प्लस बंद. मग टीव्ही स्टिकला सांगतो की मला एचडीआर येत नाही आणि स्टिक आपोआप एसडीआर पाठवते. टीव्हीच्या आतल्या ॲपवर हा उपाय चालत नाही, तिथे वरची सेटिंगच कामाला येतात, म्हणून जुनी स्टिक घरात पडली असेल तर टाकू नका.

मुंबईत बसून व्हिडिओ कॉलवर आईबाबांकडून हे करून घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, फोनचा कॅमेरा अंधारलेली स्क्रीन आपोआप उजळ करून दाखवतो. तुम्हाला कॉलवर छान दिसेल आणि तिथे काळोखच असेल. म्हणून कॅमेरा फक्त मेनू वाचायला वापरा आणि चित्राचं त्यांनाच विचारा, "त्या माणसाचे डोळे दिसतात का? मागची भिंत दिसते का?" असं नेमकं विचारा, नुसतं "आता बरं आहे का" विचारलं की ते तुमच्या समाधानासाठी हो म्हणतात. शेवटी सेटिंग सर्व इनपुटला लागू करा असा पर्याय असेल तर तो दाबायला सांगा, आणि टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर वीज वाचवणारं सेटिंग परत चालू झालंय का ते एकदा बघायला सांगा.