सकाळी गाडी उचलत नाही? बॅटरी बदलायच्या आधी कान द्या

डिसेंबर-जानेवारीत पहाटे रंकाळ्याकडनं गार वारं सुटलं की आमच्या गल्लीत रोज कुणाची ना कुणाची गाडी कुंथत असते. सेल्फ मारायचा, थांबायचं, परत मारायचा, मग खिडकीतनं कुणीतरी ओरडणार "अरे बॅटरी गेलीय ती, बदल की". मीपण मागच्या थंडीत तेच केलं. नवी बॅटरी टाकली, दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी परत तेच रडगाणं. दोष हीटर प्लगचा होता (डिझेल इंजिन गार असताना आतनं तापवणारा प्लग), बॅटरीचा नव्हताच. म्हणून जे शिकलो ते लिहितोय.

पहिली गोष्ट, चेक करायचं ते सकाळीच, इंजिन रात्रभर गार झालेलं असताना. आपण काय करतो, कशीतरी चालू करून उद्यमनगरला मिस्त्रीकडं नेतो, तोवर इंजिन गरम, तिथं ती एका झटक्यात उचलते आणि मिस्त्री म्हणतो "काय नाही हो, चांगली आहे की".

चावी फिरवली की आवाज ऐका. आवाज तीनच प्रकारचे असतात आणि निम्मं निदान तिथंच होतं.

सेल्फ जड, हळूहळू फिरतोय, तर विषय करंटचा. गारठ्यात बॅटरीची ताकद कमी होते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळं इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, दोन्हीकडनं मार. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) घ्या, गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर बॅटरी भरलेली, १२ किंवा खाली असेल तर उतरलेली. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघा, ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी दमलीय किंवा उतरलीय, चार्ज करून परत बघा. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे, नाही दिसलं तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, चार्जच करत नाही, नवी बॅटरी टाकून काय उपयोग. ३-४ वर्षं झालेल्या बॅटरीवर शंका घ्यायला हरकत नाही, पण त्याच्याआधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असेल तर निगेटिव्ह आधी काढा, मग पॉझिटिव्ह, गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशनं घासा, पुसून वाळवा, वर थोडं व्हॅसलीन. लावताना उलटं, निगेटिव्ह शेवटी. बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची वायरपण बघा, दोन-तीन सेल्फ मारल्यावर जो जॉइंट गरम लागतो तिथंच घोळ आहे. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला. "जुनी गाडी आहे, आवाज कमी येईल" म्हणून जाड ऑइल ओततात, मग सकाळी सेल्फ रडतो. डब्याच्या ग्रेडमध्ये डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका छोटा तितकं ऑइल गारठ्यात पातळ.

दुसरा आवाज, नुसतं टक. हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाली तर परत बॅटरी नाहीतर टर्मिनल, लाइट तशीच ठणठणीत राहिली तर सेल्फ नाहीतर त्याचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच). हे घरी करायचं काम नाही, सेल्फ उतरवून दुरुस्तीला द्या.

तिसरा प्रकार जास्त डोकं खाणारा, सेल्फ झ्याक फिरतोय पण इंजिन पकडत नाही. इथं बॅटरीला हात लावू नका.

डिझेल असेल तर चावी ऑन करून हीटरचा स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबा, घाईत आपण थांबतच नाही. थांबूनही पकडत नसेल तर सायलेन्सर बघा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही, बहुतेक हीटर प्लग किंवा त्याचा रिले, म्हणजे त्याला करंट देणारा स्विच. धूरच नाही तर डिझेल पोचत नाही, फिल्टर आणि पाइपमधनं हवा शिरतेय का बघा. प्लगची वायर काढून टोक ते इंजिनची बॉडी असा मीटर लावला की चांगला प्लग १ ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. माझ्या गाडीत ४ पैकी २ मेलेले. म्हणून चालू झाल्यावर मिनिटभर थरथरायची आणि मी आपला इंजिन माउंटिंगला शिव्या देत होतो! प्लग काढताना मात्र सांभाळून, हेडमध्ये तुटला तर खर्च दहापट वाढला म्हणून समजा, ते मिस्त्रीवर सोपवा.

पेट्रोल असेल तर चावी ऑन करून २-३ सेकंद थांबा, बंद करा, असं दोन-तीनदा करा, मागनं पेट्रोल पंपाचा (टाकीतल्या) बारीक घूं आवाज येतो, आणि मग सेल्फ मारा. असं केल्यावर पटकन पकडली तर रात्रीत पाइपमधलं प्रेशर उतरतंय, पंपाचा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. फरक पडला नाही तर स्पार्क प्लग आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून बघा. अजून एक, कूलंटचा टेंपरेचर सेन्सर. गार इंजिनला जास्त पेट्रोल लागतं, जुन्या गाडीत त्यासाठी चोक ओढायचो ते आठवा, आता ते काम हा सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात. सकाळी स्कॅनर लावला तर बाहेरच्या हवेइतकं, म्हणजे १५-१६ अंश वगैरे दिसायला पाहिजे. ८० दाखवत असेल तर गाडीला वाटतंय इंजिन गरमच आहे.

सीएनजीवाल्यांनी हे वाचाच. बऱ्याच सीएनजी गाड्या गार असताना पेट्रोलवरच चालू होतात, मग गॅसवर जातात. तुम्ही टाकीत ठणठणाट ठेवून गॅसवरच फिरता, पेट्रोल शिळं होतं, पंप कोरडा पडतो. निदान पाव टाकी ठेवा आणि अधूनमधून १०-१५ किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

काही झालं तरी सेल्फ १० सेकंदापेक्षा जास्त धरू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्या, नाहीतर सेल्फ जळतो. जंप स्टार्ट करताना लाल वायर दोन्ही पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासनं लांब.

एवढं करून सापडलं नाही तर मोबाइलवर सकाळच्या सेल्फचा आवाज आणि धूर शूट करून मिस्त्रीला दाखवा, आणि गाडी आदल्या संध्याकाळीच त्याच्याकडं लावा. सकाळी गॅरेज उघडल्यावर पहिला सेल्फ त्यानं मारायचा, तुम्ही शेजारी उभं राहायचं.