गाडीची बॉडी फिरवणारी रोटिसरी घरी बनवताना या चुका टाळा

गाडीखाली उताणे पडून तळाचा गंज घासण्यापेक्षा बॉडीच फिरवून समोर आणावी, म्हणून अनेक हौशी कारागीर घरीच रोटिसरी, म्हणजे बॉडी पुढून-मागून धरून फिरवणारी स्टँडची जोडी, बनवतात. त्यांचे सगळे लक्ष पाइपच्या जाडीकडे असते. काम अडते ते मात्र आस, म्हणजे बॉडी ज्या रेषेभोवती फिरते ती, चुकल्यामुळे.

बॉडी बहुधा बंपरच्या बोल्टांच्या जागी पकडतात; पण ते ज्या उंचीवर असतात, त्याच उंचीवर बॉडीचा गुरुत्वमध्य क्वचितच असतो. त्यामुळे फिरता पाइप आणि बॉडीची पकड यांच्यामध्ये उंची कमीजास्त करता येईल असा सरकता भाग हवाच. दोघांनी धरून बॉडी किंचित कलती करावी आणि हात हळूच सैल सोडावा. ती परत सरळ होत असेल तर वजन आसाखाली आहे, तेव्हा बॉडी वर घ्यावी; आणखी कलंडू पाहत असेल तर खाली उतरवावी. दारे, काचा, डॅशबोर्ड काढल्यानंतरच हे जुळवावे, कारण प्रत्येक भागागणिक समतोल बदलतो.

इंजिन स्टँडची (गाडीतून काढलेले इंजिन धरून ठेवणाऱ्या स्टँडची) जोडी वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. अशा अनेक स्टँडचे डोके, म्हणजे पाइप ज्यात फिरतो तो भाग, मुद्दाम थोडे वर कललेले असते, त्यामुळे समोरासमोर ठेवल्यावर दोन्ही पाइप एका रेषेत येत नाहीत आणि बॉडी अर्ध्यात अडकते. मी स्वतः एक अख्खी दुपार बुशमध्ये (फिरत्या पाइपभोवतीच्या नळीत) ग्रीस भरत बसलो होतो. दोरी ताणून पाहिली तेव्हा कुठे खरा दोष दिसला. डोके कापून सरळ वेल्ड करावे आणि दोन्ही स्टँड खालून आडव्या पाइपने जोडावेत.

उंचीचा हिशेब आधीच करावा. दाराखालचा उंबरा आसापासून बाजूला ८५ आणि खाली ४० सेंटिमीटर असेल, तर त्याची कड सुमारे ९४ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरते. टपाची कडही अशीच मोजावी; दोन्हींतील मोठ्या अंतरापेक्षा आस जमिनीपासून उंच हवी.

फिरवलेली बॉडी केवळ बोल्ट आवळून रोखू नये, भोकांतून आरपार जाणारी पिन लावावी. गंजलेल्या पत्र्यावर पकड बसवू नये. उंबरा कापायचा असल्यास त्याआधी दाराच्या चौकटीत आडवे आधार वेल्ड करावेत, नाहीतर बॉडी वाकते आणि पुढे दारे बसत नाहीत. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प (करंट परत नेणारा चिमटा) स्टँडला न लावता जोडाजवळच्या स्वच्छ पत्र्यालाच लावावी, म्हणजे करंट बुशमधून जाणार नाही.