पर्सनलाइज्ड फेडरेटेड लर्निंग: पहिला प्रयोग कसा मांडावा

फेडरेटेड लर्निंगमध्ये डेटा एका जागी न आणता अनेक क्लायंट (उपकरणे किंवा संस्था) मिळून मॉडेल शिकवतात; पर्सनलाइज्ड प्रकारात ते प्रत्येक क्लायंटच्या डेटाला जुळवून घेतात. या विषयात नव्याने येणारे बरेच जण ताज्या पेपरमधला अल्गोरिदम आधी चालवायला घेतात. आमचा आग्रह उलट आहे: आधी मोजमाप पक्के करा.

सुरुवातीला सायफार-१० हा दहा वर्गांतल्या छोट्या चित्रांचा डेटासेट पुरे. त्यातली सगळी ६०,००० चित्रे एकत्र करून २० क्लायंटमध्ये डिरिक्ले वितरणाने वाटा (यात अल्फा जितका लहान, तितकी वर्गांची वाटणी विषम), अल्फा ०.१ ठेवा. मग प्रत्येक क्लायंटचा डेटा ७५:२५ असा ट्रेन आणि टेस्टमध्ये विभागा. वाटणीचा रँडम सीड (यादृच्छिक निवड ज्या आकड्यापासून सुरू होते तो) ट्रेनिंगच्या सीडपेक्षा वेगळा ठेवा, नाहीतर निकालातला फरक वाटणीमुळे पडला की ट्रेनिंगमुळे, ते कळत नाही.

आता तुलनेसाठी तीन बेसलाइन: प्रत्येकाने फक्त स्वतःच्या डेटावर शिकवलेले मॉडेल, फेडॲव्हजी (क्लायंटच्या मॉडेलांची सर्व्हरवर सरासरी काढून बनवलेले एकच ग्लोबल मॉडेल), आणि फेडॲव्हजीनंतर क्लायंटवर एक ते पाच इपॉक (डेटावरून पूर्ण फेऱ्या) फाइन-ट्यूनिंग. तिसरी बेसलाइन अनेकजण गाळतात आणि तिथेच फसतात, कारण तिला हरवणे खरोखर कठीण असते.

अल्फा कमी केला की पर्सनलाइज्ड अचूकता अनेकदा वाढते. नवख्यांना हा अल्गोरिदमचा पराक्रम वाटतो. खरे कारण असे की बहुतेक क्लायंटकडे दोन-चारच वर्ग ठळकपणे उरतात आणि प्रश्नच सोपा होतो. स्थानिक मॉडेलही तितकेच वर चढते. म्हणून प्रत्येक क्लायंटचा आकडा त्याच्याच स्थानिक मॉडेलशी ताडून पाहा. सरासरीबरोबर सर्वांत खालच्या १० टक्के क्लायंटची अचूकताही द्या. फेडॲव्हजी डेटाच्या आकारानुसार वजन देते, त्यामुळे छोटे क्लायंट मागे पडले तरी सरासरीत ते दिसत नाही.

त्यानंतर पद्धत निवडा, तीही क्लायंटच्या डेटात फरक कसला आहे ते पाहून. लेबलांचे प्रमाण वेगळे असेल तर फेडरेप: आधी बॉडी (वैशिष्ट्ये काढणारे आधीचे थर) गोठवून हेड (वर्ग ठरवणारा शेवटचा भाग) शिकवायचे, मग हेड गोठवून बॉडी, आणि सर्व्हरला फक्त बॉडी पाठवायची. कॅमेरा किंवा स्कॅनर वेगळा असेल तर फेडबीएन, ज्यात बॅचनॉर्मचे (प्रत्येक बॅचमधले आकडे एका पट्ट्यात आणणारे) थर क्लायंटकडेच राहतात. डिट्टो या आणखी एका पद्धतीत प्रत्येक क्लायंट स्वतःचे मॉडेलही शिकवतो आणि ते ग्लोबल मॉडेलकडे किती ओढायचे ते लॅम्डा ठरवतो. लॅम्डा शून्य केला की निव्वळ स्थानिक मॉडेल मिळते, तो वाढवला की मॉडेल ग्लोबलकडे सरकते. एकच लॅम्डा सगळ्यांना मानवेलच असे नाही, तो प्रत्येक क्लायंटच्या ट्रेन भागातून बाजूला काढलेल्या व्हॅलिडेशन डेटावर निवडावा. टेस्टवर मुळीच नको.

अडचणी बहुधा किरकोळ जागी निघतात. शेवटच्या बॅचमध्ये एकच नमुना उरला तर बॅचनॉर्म एरर देऊ शकते. ती बॅच सोडून द्या. लोकल इपॉक फार वाढवले तर मॉडेले एकमेकांपासून इतकी दूर जातात की त्यांची सरासरी कुणाच्याच कामाची राहत नाही.

आणखी एक चाचणी जरूर करा: दोन-तीन क्लायंट ट्रेनिंगमधून पूर्ण बाहेर ठेवा. शेवटी त्यांना बॉडी द्या, ती गोठवून फक्त हेड त्यांच्या डेटावर शिकवा आणि निकाल त्यांच्या स्थानिक मॉडेलशेजारी मांडा.