'ग्रॅन्युलोमा'चा रिपोर्ट हातात आल्यावर या चुका टाळा

कॅन्सरचे उपचार संपलेत, प्रकृती बरी आहे, आणि नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये छातीतल्या लसिकाग्रंथी अचानक चमकताना दिसतात. घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. 'पसरला' हा शब्द डॉक्टरांच्या आधी नातेवाईकच उच्चारतात. पहिली चूक इथेच होते.

पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं किरणोत्सारी औषध देतात. जी पेशी साखर जास्त ओढते, ती चमकते. कॅन्सरची पेशी ओढते, तशा ग्रॅन्युलोमातल्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या सूक्ष्म पुंजक्यातल्या, मॅक्रोफेज पेशीही ओढतात. कॅन्सरच्या गाठीतून येणाऱ्या द्रव्यांना चिडून प्रतिकारशक्ती आसपासच्या ग्रंथींमध्ये अशा पेशींचे छोटे पुंजके बांधते. सारकॉइडोसिस या वेगळ्या आजारातही असेच ग्रॅन्युलोमा होतात, म्हणून याला सारकॉइडसारखी प्रतिक्रिया म्हणतात. हान्स ब्रिंकर यांच्या १९८६ च्या आढाव्यात ती कार्सिनोमाच्या (अवयवांच्या अस्तरातून उठणाऱ्या कॅन्सरच्या) ४.४ टक्के, नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या) ७.३ टक्के आणि हॉजकिन लिम्फोमाच्या १३.८ टक्के रुग्णांत नोंदली आहे. सेमिनोमा या वृषणाच्या कॅन्सरमध्ये तर ती वारंवार दिसते. दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी सारख्याच ग्रंथी सुजल्या असतील तर ही शंका जरूर घ्यावी, पण शंकेवर केमो बदलू नये. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, सोनोग्राफीच्या आधाराने सुईने तुकडा घेता येतो. तो घ्या.

तुकडा घेताना होणारी चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण ती मागाहून सुधारता येत नाही: सगळा नमुना फॉर्मालिनच्या (पेशी टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत जातो. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, होत नाही. बायोप्सीच्या आधीच विचारा, 'एक भाग सलाइनमध्ये सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी पाठवणार ना?' कल्चरचा निकाल यायला सहा आठवडेही लागतात. नुसत्या स्टेनिंगमध्ये जंतू दिसला नाही, एवढ्यावरून टीबी नाही असं ठरत नाही.

आपल्याकडे टीबी इतका आहे की ग्रॅन्युलोमा म्हटलं की लगेच एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होते. टीबी खरंच असेल तर ती हवीच, केमो चालू असताना तर तो जोर धरतो. पण पुराव्याशिवाय सुरू केलेली एकेटी निरुपद्रवी नसते. त्यातलं रिफॅम्पिसिन यकृतातल्या एन्झाइमांना जोर देतं आणि टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरच्या औषधाची रक्तातली पातळी खूप खाली आणतं. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णाला हे महागात पडू शकतं. तेव्हा तुमची सगळी औषधं कॅन्सरच्या आणि टीबीच्या, दोन्ही डॉक्टरांना सांगा. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी झाली असेल तर आवर्जून सांगा, कारण तिच्यामुळेही अशाच ग्रंथी येतात. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मूत्राशयात बीसीजी (टीबीची लस) सोडलं असेल तर तेही लपवू नका, त्यानंतरही ग्रॅन्युलोमा होतात.

याच्या अगदी उलट चूकही होते: 'ग्रॅन्युलोमा निघाला, म्हणजे कॅन्सर नाही.' एकाच ग्रंथीत दोन्ही असू शकतात. हॉजकिनमध्ये आणि सेमिनोमात मोजक्या कॅन्सर पेशी ग्रॅन्युलोमांच्या गर्दीत हरवून जातात. नमुना तुटपुंजा असेल तर पुन्हा घ्यावा, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (खास रंगांनी पेशींची ओळख पटवणारी तपासणी) करावी आणि मूळ गाठीच्या जुन्या स्लाइड्स सोबत ठेवून पाहाव्यात. त्या स्लाइड्स आणि ब्लॉक्स (मेणात जपलेले नमुने) घरी किंवा लॅबमध्ये जपलेले असणं म्हणूनच मोलाचं.

स्टेरॉइडची घाई नको. निदान होण्याआधी स्टेरॉइड दिलं तर लिम्फोमा तात्पुरता आटतो आणि बायोप्सी फसवी येते. त्रास नसलेल्या बहुतेकांना या प्रतिक्रियेसाठी औषध लागत नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढलं, डोळे किंवा हृदयात बिघाड दिसला, तर मात्र खऱ्या सारकॉइडोसिसचा विचार करून उपचार ठरतात. एसीई या एन्झाइमची (सारकॉइडोसिसमध्ये ते वाढू शकतं) रक्ततपासणी एकटीने यातलं काहीच सिद्ध करत नाही.

निदान झाल्यावर पुढचे स्कॅन चुकवू नका. बाकीच्या ग्रंथी आटत असताना एखादीच वाढत असेल, तर तिची बायोप्सी पुन्हा करून घ्या.