उद्यापासून लॅपटॉप घेऊन ऑफिसला जायचंय? आज रात्रीच स्लीपची एवढी तयारी करून ठेवा

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ऐरोली, रबाळे, घणसोलीला जाणारे बरेच जण काय करतात तर झाकण लावलं, लॅपटॉप बॅगेत टाकला आणि सुटले, मग गर्दीत बॅग पुढे घेऊन उभं राहिलं की पोटाला गरम लागायला लागतं, कारण लॅपटॉप आत जागाच असतो. म्हणून आधी झोपवायचा, म्हणजे स्लीपवर टाकायचा, झोपलाय हे बघायचं आणि मगच बॅगेत. त्याची तयारी आदल्या रात्री घरी निवांत करा, सकाळच्या घाईत काही होत नाही.

पहिलं म्हणजे कीबोर्ड नीट बघा. काही लॅपटॉपवर वरच्या ओळीत चंद्रकोर किंवा झेड-झेड असं चित्र असलेली की असते, एफएन (Fn) लिहिलेली की धरून ती दाबली की काम झालं. लेनोवोच्या नवीन थिंकपॅड लॅपटॉपला एफएन आणि ४. पण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं त्यामुळे मित्राच्या लॅपटॉपवर चालतं ते तुमच्यावर चालेलच असं नाही. अशी की नसेल तर विंडोज १० आणि ११ दोन्हीला चालणारा रस्ता पाठ करा: विंडोज-की आणि एक्स एकत्र, सोडा, मग यू, मग एस. यू दाबल्यावर बाजूला छोटा मेनू उघडतो, तिथे एस म्हणजे स्लीप. घाईत यू दोनदा दाबला तर सरळ शटडाऊन होतं, म्हणून हे दहा-बारा वेळा करून बोटांना सवय लावाच. विंडोज इंग्रजीत आहे असं धरून ही अक्षरं सांगतोय. दुसरा रस्ता म्हणजे विंडोज-की आणि डी दाबून डेस्कटॉपवर या, मग ऑल्ट-एफ४, जो डबा येतो त्यात बाणाने स्लीप निवडून एंटर. डेस्कटॉपवर न येता ऑल्ट-एफ४ दाबलंत तर समोरचं अॅपच बंद होईल. आणि विंडोज-एल म्हणजे स्लीप नव्हे, ते फक्त लॉक, आत सगळं चालूच राहतं, हा गैरसमज फार आहे.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी उघडा, पॉवर या शब्दाला जोडून सी-एफ-जी, मग स्पेस, स्लॅश आणि ए, असं इंग्रजीत टाइप करा. तुमच्या लॅपटॉपला कुठली झोप येते ते तिथे दिसतं. उपलब्ध असलेल्यांच्या यादीत एस३ असेल तर छान, फक्त रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीला वीज चालू राहते, बाकी सगळं शांत. त्याच यादीत एस० लो पॉवर आयडल दिसलं तर तो फोनसारखा अर्धवट जागा राहतो, मेल घेतो, मधेच काहीतरी करत बसतो, आणि बंद बॅगेत तेच नको असतं. अशा लॅपटॉपला प्रवासात हायबरनेटच करा, त्यात सगळं काम डिस्कवर लिहिलं जातं आणि बॅटरी जवळजवळ खर्चच होत नाही. मेनूत हायबरनेट नसेल तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांनी काय करायचं ते ठरवण्याचं पान, त्यावरची अनअव्हेलेबल सेटिंग्जवाली निळी ओळ दाबा आणि खाली हायबरनेटला टिक करा. मग विंडोज-एक्स, यू, एच. त्याच पानावर झाकण लावल्यावर काय व्हावं तेही ठरतं, डू नथिंग असेल तर आत्ताच बदला.

वायरलेस माउसचा डोंगल, म्हणजे यूएसबीत लावलेला छोटा तुकडा काढून ठेवा, नाहीतर बॅगेत माउस हलला की लॅपटॉप जागा होऊ शकतो. साइन-इन ऑप्शन्समध्ये झोपेतून उठल्यावर पासवर्ड मागेल असं करा, ट्रेनमध्ये बॅग कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

सकाळी निघताना कंट्रोल-एसने काम सेव्ह करा, कारण स्लीपमध्ये काम रॅममध्येच असतं आणि बॅटरी पूर्ण संपली तर जाऊ शकतं. पेनड्राइव्ह इजेक्ट करा. मग शॉर्टकट, आणि लगेच उचलू नका, पंखा थांबेपर्यंत थांबा, खाली हात लावून बघा. जुन्या हार्डडिस्कवाल्या लॅपटॉपला तर हे फारच गरजेचं, डिस्क फिरत असताना धक्का बसणं वाईट.

मॅकवाल्यांचं थोडक्यात: ऑप्शन, कमांड आणि पॉवर बटण हे जुन्या मॅकवर चालतं, टच आयडीचं बटण असेल तर नाही चालत, तिथे अॅपल मेनूतून स्लीप. लिनक्सला टर्मिनलमध्ये सिस्टिमसीटीएल सस्पेंड, हवं तर सेटिंग्जमध्ये त्याला स्वतःचा शॉर्टकट लावा.

ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर यातली काही सेटिंग्ज लॉक असतील, मग पहिल्याच दिवशी आयटीवाल्यांना विचारून घ्या की हायबरनेट चालू करून मिळेल का.