गाडी पासिंगला नेताय? या चुका टाळा

नाशिकला पेठ रोडवर आरटीओच्या वाटेवर माझं गॅरेज आहे. पासिंगच्या, म्हणजे आरटीओतल्या फिटनेस तपासणीच्या, आदल्या संध्याकाळी घाईघाईने येणारी माणसं रोज बघतो. चुका त्याच त्या.

सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य: "दादा, गाडीला पंधरा वर्षं कुठे झालीत अजून?" अहो, पंधरा वर्षं पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे घरच्या कारला. तिचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, मग तपासणी करून 5-5 वर्षांनी वाढवायचं. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याच्या व्हॅनचा आणि टेम्पोचा हिशोब निराळा. नव्या गाडीला 2 वर्षं, मग गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर 2 वर्षांनी पासिंग, त्यानंतर दर वर्षी. घरची गाडी सुट्टीत सापुताऱ्याला जाते, भाड्याची रोज पिंपळगाव मार्केटला भरून जाते. ब्रेक लायनर, स्प्रिंगचे पाटे, टायर सारखे कसे झिजतील? पासिंग संपलं की कायद्याने रजिस्ट्रेशनही वैध धरत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवते.

म्हणूनच पांढऱ्या पाटीच्या व्हॅनमध्ये भाड्याने शाळेची मुलं नेणाऱ्यांचा मला राग येतो. त्या गाडीचे ब्रेक पंधरा वर्षांत एकदाही तपासणीला गेलेले नसतात.

दुसरी चूक चेसिस नंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या ओळख नंबरची. दिंडोरीचा एक द्राक्ष बागायतदार ऐन हंगामात टेम्पो घेऊन आला. नंबर फ्रेमच्या पट्टीवर, चाकाजवळ; चिखलाने, पाण्याने गंजलेला. तो म्हणाला, "मीच साफ केलाय." बघतो तर ग्राइंडर मारलेला! पट्टी चकचकीत आणि शेवटचे तीन आकडे गायब. तपासणीत कागदावर पेन्सिलचा छाप घेतला तर नुसती काळी पट्टी उमटली. गाडी परत. नंबर पुन्हा ठोकायचा तर आरटीओची परवानगी, कागद, फेऱ्या. तोवर टेम्पो माझ्या दारात उभा आणि त्याचे क्रेट दुसऱ्याच्या गाडीने भाडं भरून जात होते. दहा मिनिटं वाचवायला गेला बिचारा.

मी डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं नंबरवर अर्धा तास ठेवतो. गंज सुटला की जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासतो, वर ग्रीसचा पातळ हात. पासिंगच्या आठवडाभर आधी पुसून पेन्सिलचा छाप घेऊन बघतो. सगळे आकडे वाचता आले पाहिजेत.

"एका दिवसापुरते चांगले टायर द्या" म्हणणाऱ्याला मी सरळ परत पाठवतो. पासिंग करून तो तेच गुळगुळीत टायर लावून सप्तशृंगीचा घाट उतरणार. टायरच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, त्यावर नख फिरवा. टायर त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खाच 1.6 मिलिमीटरवर आली. बदला.

रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. पत्रा कोरडा करूनच चिकटवा. पीयूसीची तारीख घरूनच बघून निघा. हँडब्रेक चढावर ओढून बघा. पर्यावरण कर भाड्याच्या व्हॅनला 8 वर्षांनंतर, घरच्या कारला 15 नंतर लागतो, तो आधी भरा.

कारवाल्यांनो, रजिस्ट्रेशन संपण्याआधी 60 दिवसांपासून अर्ज करता येतो. शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. व्हॅन असेल तर मी स्टिअरिंगशेजारी पासिंगची तारीख मार्करने मोठ्या आकड्यांत लिहूनच गाडी परत देतो.