फिल्टर धुतला की टाकीतील पाणी दुधाळ होते: माझा अनुभव

सांगलीतील आमच्या घरच्या ६० लिटरच्या माशांच्या टाकीतील पाणी फिल्टर धुतल्यावर दोनच दिवसांत दुधाळ होई आणि गप्पी (छोटे शोभेचे मासे) पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत. सगळे पाणी बदलून पाहिले. ताशी ८०० लिटरचा फिल्टर आणला, तर गप्पी त्याच्या जाळीलाच चिकटू लागल्या. वर्षभर नुसता वैताग होता. मग कारण कळले: नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात फिल्टरचा स्पंज धुतल्याने त्यात राहणारे, माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे कमी घातक नायट्रेटपर्यंत रूपांतर करणारे जीवाणू मरत होते. शेवटी ताशी ३०० लिटरचा, म्हणजे टाकीच्या पाचपट पाणी फिरवणारा, जाड स्पंजाचा फिल्टर घेतला. त्यातही असे जीवाणू वाढावेत म्हणून तो जुन्यासोबत सहा आठवडे चालवला आणि मगच जुना काढला. आता महिन्यातून एकदा टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज तीन-चार वेळा पिळतो. तपकिरी गाळ सुटला की थांबतो, लख्ख करीत नाही.